चिरागनगर ते रुपेरी पडदा

घाटकोपर स्टेशनाच्या पश्चिमेला, जुन्या आग्रा रोडच्या बाजूस चिरागनगर नावाची एक वस्ती आहे. चिराग म्हणजे दिवा. नाव ऐकून एखाद्या परगावच्या माणसाला वाटावे की येथे बारा महिने दिवाळीच असेल. परंतु ज्या काळाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्या काळी ही वस्ती म्हणजे कष्टकऱ्यांच्या झोपड्यांची दाटी होती. गिरणीत, गोदीत, रस्त्यावर आणि बांधकामावर राबणारी माणसे रात्री पाठ टेकण्यापुरती तेथे येत. अशाच एका झोपडीत एका मराठी लेखकाने आपल्या आयुष्याची सुमारे बावीस वर्षे काढली. त्या झोपडीत बसून त्याने कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, लोकनाट्ये लिहिली. आणि त्याच्या कादंबऱ्यांवरून एक-दोन नव्हे, सात मराठी चित्रपट निघाले. त्या लेखकाचे नाव अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंना आपण शाहीर म्हणून ओळखतो, 'फकिरा'चे कर्ते म्हणून ओळखतो, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला एक खणखणीत आवाज म्हणून ओळखतो. चित्रपटाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव ओझरतेच येते. आज घरोघरची मुले चित्रपटात जाऊ म्हणतात, लिहू म्हणतात, आणि आईबापांच्या मनात साहजिकच धाकधूक असते. कलेच्या वाटेने गेलेल्या माणसाला ती वाट काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर चिरागनगरची ही हकीकत वाचण्याजोगी आहे. तीत कौतुकाचे पुष्कळ आहे आणि मनाला डाचणारेही पुष्कळ आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव वाळवे तालुक्यातले. तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातले. वडिलांचे नाव भाऊराव, आईचे वालुबाई. घर मांग समाजातले. इंग्रज सरकारने 1871 मध्ये जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याची झळ या समाजालाही लागलेली होती. गुन्हा केलेला असो वा नसो, विशिष्ट जातीत जन्मलेल्या माणसाने सरकारी हजेरी द्यावयाची, असा तो कायदा. तो रद्द झाला 1952 साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. शाळेशी तुकारामाचा संबंध आला तो जेमतेम दीड दिवस. पाटीवर अक्षर उमटण्याच्या आतच शाळा सुटली.

1931 च्या सुमारास वडील आपल्या कुटुंबाला घेऊन मुंबईस निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, तेव्हा पायी निघाले. वाटेगावाहून मुंबई तीनशे किलोमीटरांहून दूर. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल तेथे मुक्काम करावा आणि पुन्हा चालू लागावे, असा तो प्रवास. अकरा-बारा वर्षांचा मुलगा अशा रीतीने मुंबईत आला आणि भायखळ्याच्या चांदबिबीच्या चाळीत राहू लागला. मग हमाली झाली, कोळसे वाहणे झाले, हॉटेलातले पोऱ्याचे काम झाले, घरगडी होणे झाले, बुटांना पॉलिश करणे झाले, कोणाची मुले खेळवणे आणि कोणाचे कुत्रे सांभाळणेही झाले.

याच मुंबईत त्याला सिनेमा भेटला. तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन थिएटरात लागला, त्याला अठरा वर्षे होऊन गेली होती. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. 1932 मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलला. तरीही मूकपट एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते. कामगारवस्तीतल्या स्वस्त थिएटरांत ते अजून चालत होते. मूकपटात प्रसंगांच्या मधे अक्षरांच्या पाट्या येत. ज्यांना वाचता येई ते त्या मोठ्याने वाचीत आणि शेजारचे ऐकत. वाचता न येणाऱ्या मुलाला त्या अंधारात एक गोष्ट नक्की कळत असली पाहिजे, की पडद्यावरच्या कथेची अर्धी किल्ली अक्षरांच्या हाती आहे.

या मुलाने ती किल्ली मिळवली, आणि तीही सिनेमाकडूनच. चित्रपटांची भिंतीवर लावलेली पोस्टरे आणि दुकानांवरच्या पाट्या न्याहाळीत, एकेक अक्षर जुळवीत तो वाचावयास शिकला. आपल्याकडे पोस्टराच्या कलेला ज्यांनी वळण लावले, त्यांत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे नाव अग्रभागी आहे. भिंतीवरचे ते रंगीत कागद गिऱ्हाइकाला थिएटरात ओढण्यासाठी लावलेले असत. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर एका पोराला बाराखडी शिकवली, हा हिशेब कोणत्याही चित्रसंस्थेच्या वहीत सापडावयाचा नाही. शाळेने दीड दिवसात हात झटकले. सिनेमाच्या भिंतीने मात्र त्याला पदरात घेतले.

नुसते वाचता आले म्हणून कोणी लेखक होत नाही. त्याला कसब लागते, आणि कसबाला शाळा लागते. अण्णाभाऊंना ती शाळा मिळाली तमाशाच्या फडात. वडिलांच्या मागे ते वाटेगावी परतले, तेव्हा बापू साठे या चुलत भावाच्या फडात शिरले. पुढे 1942 च्या चळवळीत ओढले गेले, पोलिसांचा ससेमिरा लागला, आणि पुन्हा मुंबई जवळ करावी लागली. 1936 पासूनच ते कम्युनिस्ट चळवळीकडे वळले होते. मुंबईच्या कामगारांत राहून त्यांनी पोवाडे रचले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा कामगारवस्त्यांत गाजला. 1944 मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. बार्शीचे अमर शेख, त्यांच्या जोडीला गवाणकर आणि वाळव्याचे साठे असे हे त्रिकूट मैदानात उभे राहिले की माणसांचा समुद्र जमत असे.

येथे थोडे थांबून तमाशाचे तंत्र पाहिले पाहिजे. कारण पुढे चित्रपटाच्या कामी आले ते हेच. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, असा क्रम. नेपथ्य नाही, पडदे नाहीत. नटाने रंगमंचावर गाणे म्हणत दोन फेऱ्या मारल्या की तो एका गावाहून दुसऱ्या गावी पोचतो. ढोलकीची थाप बदलली की रात्र होते किंवा दिवस उजाडतो. प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आता विचार करा, चित्रपटात दुसरे काय असते? एक प्रसंग कापून दुसरा जोडला की स्थळ बदलते, काळ बदलतो, आणि प्रेक्षक मुकाट्याने मागून येतो. वगाचा संवाद पाठ केलेला कमी आणि जागच्या जागी सुचलेला अधिक असतो. त्यामुळे बोलीभाषेचा कान तयार होतो. सोंगाड्या हा प्रेक्षकांच्या मनातले बोलून दाखवतो. त्यामुळे मैदानात बसलेला माणूस कोठे हसेल आणि कोठे कंटाळेल, हे लेखकाला त्या क्षणीच कळते. पटकथेच्या कोणत्याही वर्गात याहून निराळे काय शिकवतात?

अण्णाभाऊंनी हे तंत्र घेतले आणि त्यातला आशय बदलला. गणात गणपतीच्या ठिकाणी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. गवळण गाळली गेली. राजाराणीच्या गोष्टीऐवजी वगात सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी आणि संपावरचा कामगार आला. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई' ही नावेच पाहिली तरी रोख ध्यानात येतो. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, ही संस्था 1943 मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. ख्वाजा अहमद अब्बास, बलराज साहनी अशी पुढे चित्रपटसृष्टीत नावारूपाला आलेली माणसे तिच्यात होती. त्या संस्थेचे अखिल भारतीय अध्यक्षपद पुढे अण्णाभाऊंकडे आले. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाचा हा मान होता.

परंतु मैदानातल्या कलेला सरकारची भीती असते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. कलावंताचे व्यासपीठ असे पायाखालून काढून घेतले की बहुतेक जण एक तर गप्प बसतात किंवा दुसरा धंदा पाहतात. अण्णाभाऊंच्या बाबतीत निराळे घडले. तमाशाला त्यांनी 'लोकनाट्य' म्हणून नवी ओळख मिळवून दिली, आणि उरलेली ताकद लेखणीत ओतली. गात्या गळ्याला अटकाव झाला, तेव्हा लिहिता हात मोकळा झाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्या हाताला बसावयास जागा होती ती चिरागनगरातली.

चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अण्णाभाऊ घाटकोपरास आले. घाटकोपर तेव्हा मुंबईच्या वेशीबाहेर होते. 1853 मध्ये बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच बाजूने गेली, 1877 मध्ये येथे स्टेशन झाले. तरी बृहन्मुंबईत ही उपनगरे आली ती 1950 साली. स्टेशनाजवळ व्यापाऱ्यांची सुखवस्तू घरे, मागे टेकड्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत झोपड्या. मुंबईत खोली परवडत नाही आणि मुंबईवाचून पोट भरत नाही, अशा माणसांसाठी ही जागा होती. चित्रपटाच्या दृष्टीने पाहिले तर घाटकोपर आडबाजूलाच म्हणावयाचे. स्टुडिओ दादर, परळ, अंधेरी, मालाड या भागांत. घाटकोपराहून अंधेरीस जावयाचे म्हणजे दादरला उतरून दुसऱ्या लायनीची गाडी धरावयाची. चित्रपटात नाव काढू पाहणारा कोणीही माणूस मुद्दाम चिरागनगरात बिऱ्हाड करणार नाही. अण्णाभाऊ तेथे राहिले कारण दुसरीकडे राहणे परवडत नव्हते. आणि तेथे राहिले म्हणूनच त्यांना आपली माणसे भेटली. 'चिरागनगरची भुतं' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. वस्तीतल्या माणसांना त्यांनी आपल्या साहित्यात असे हक्काचे घर दिले.

त्या झोपडीतून सुमारे 35 कादंबऱ्या बाहेर पडल्या. कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे, लावण्या आणि प्रवासवर्णन यांची भर निराळीच. 1959 मध्ये 'फकिरा' प्रसिद्ध झाली. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असता इंग्रजांचा खजिना लुटून तो गरिबांत वाटणाऱ्या एका मांग वीराची ही कथा. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीला कायद्याने गुन्हेगार ठरवले, तिच्यातल्या माणसाला मराठी वाचकाने नायक म्हणून स्वीकारले, ही गोष्ट लहान नाही.

आता चित्रपटांकडे वळू. 1947 मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला आणि ढोलकी-तुणतुणे पडद्यावर खेळू लागले. 1959 मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' लागला. तो पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला. मग काय विचारता! जो तो निर्माता तमाशाची कथा शोधू लागला. परंतु फडातल्या बाईचे जिणे आतून पाहिलेला लेखक असा कितीसा सापडणार? अण्णाभाऊंची 'वैजयंता' ही कादंबरी अशाच एका कलावतीची होती. तिच्या कलेवर लोक खूष, आणि तिला माणूस मानावयास मात्र कोणी तयार नाही, असा तिच्या जीवनातला पेच. 1961 मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला. नायिकेच्या भूमिकेत जयश्री गडकर होत्या आणि दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. प्रभातच्या 'रामशास्त्री'तले जागीरदार मराठी घरांना परिचित होतेच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रमुखपद तिच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडेच होते. सरकारी चित्रपट-शाळेचा प्रमुख आणि पोस्टरांवरून अक्षरे शिकलेला कादंबरीकार यांची नावे अशी एका चित्रपटात एकत्र आली.

1961 हे वर्ष अण्णाभाऊंच्या आयुष्यातले सोन्याचे म्हणावे लागेल. 'फकिरा'ला पुरस्कार, 'वैजयंता'चा चित्रपट आणि रशियाचा प्रवास, या तिन्ही गोष्टी त्याच वर्षी घडल्या. त्या प्रवासाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. मॉस्कोस जाऊन आलेला हा पाहुणा परत आला तो चिरागनगरातल्या झोपडीतच. 1963 मध्ये 'फकिरा' पडद्यावर आला. पुढे 1969 मध्ये 'टिळा लाविते मी रक्ताचा', 'डोंगरची मैना' आणि 'मुरली मल्हारीरायाची' असे तीन चित्रपट त्यांच्या कादंबऱ्यांवरून निघाले. 1970 मध्ये 'वारणेचा वाघ' आणि 1974 मध्ये 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' आला.

या सनावळीकडे नीट पाहिले म्हणजे मन उदास होते. 1968 मध्ये अण्णाभाऊंना गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळाले. तेथे जेमतेम वर्ष गेले असेल नसेल, तोच 18 जुलै 1969 रोजी त्यांचा मृत्यू झाला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. ज्या वर्षी त्यांच्या कथांवरचे तीन चित्रपट यावेत, त्याच वर्षी कथाकाराने दारिद्र्यात डोळे मिटावेत! आणखी सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, त्यांचे जोडीदार अमर शेख मोटार अपघातात गेले. 'महात्मा फुले' आणि 'प्रपंच' या चित्रपटांतून अमर शेखांचे दर्शन मराठी प्रेक्षकांना घडले होते. एका उन्हाळ्यापर्यंत असलेले दोन बुलंद आवाज दिवाळीच्या आत असे एकापाठोपाठ एक शांत झाले.

असे का झाले? माणूस कर्तबगार, वाचक लाखांनी, पुरस्कार पदरी, चित्रपट पडद्यावर. मग लक्ष्मी कोठे अडली? याचे उत्तर एखाद्या व्यक्तीच्या दुष्टपणात शोधू नये. ते धंद्याच्या घडणीत शोधावे. तुलनेसाठी त्याच मुलुखातले आणि त्याच पिढीतले ग. दि. माडगूळकर घ्या. त्यांचा जन्म 1919 चा, गाव माणदेशातले, परिस्थिती गरिबीचीच. पण तरुणपणी ते कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत शिरले. स्टुडिओत पगार मिळे, काम शिकता येई, आणि पटकथा, संवाद व गीते तिन्ही लिहिणाऱ्या माणसाला मागणी राही. 'लोकशाहीर रामजोशी' त्यांनीच लिहिला. म्हणजे चित्रपट कोठे आणि कसा तयार होतो, त्या जागी ते स्वतः हजर होते. अण्णाभाऊ त्या कारखान्यात कधी नोकरीस नव्हते. त्यांचा माल बाहेरून जाई. त्यातच पन्नाशीच्या दशकात मोठे स्टुडिओ एकामागून एक बसले. प्रभात 1953 च्या सुमारास बंद पडली. महिना पगाराची चाल मोडली आणि छोटे निर्माते एका चित्रपटापुरते पैसे जमवून उभे राहू लागले. अशा व्यवहारात कथेचे मोल एकदाच ठरते. चित्रपट चालला तर फायदा निर्मात्याचा, थिएटरवाल्याचा, वितरकाचा. लेखकाचा हिशेब त्याआधीच मिटलेला असतो.

नुसते कारखान्याच्या आत असून भागते असेही समजू नये. भगवानदादांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. योगायोग असा की त्यांचाही जन्मदिवस 1 ऑगस्ट, साल 1913. हाही गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 च्या 'अलबेला'ने त्यांना देशभर नेले, बंगला आणि मोटारी दिल्या. पुढचे चित्रपट पडले, स्वतःचा पैसा त्यात गेला, आणि भगवानदादा पुन्हा दादरच्या चाळीत राहावयास आले. 2002 मध्ये ते गेले तेही तेथेच. एकाला वैभवाने शिवलेच नाही. दुसऱ्याला शिवले आणि सोडून गेले. चित्रपटाच्या धंद्यात कीर्ती आणि कमाई या दोन सख्ख्या बहिणी असाव्यात असे बाहेरच्याला वाटते; प्रत्यक्षात त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नसते.

याचा अर्थ असा, की कलावंताच्या कर्तबगारीला कागदाची जोड लागते. आपल्याकडे लेखनाच्या हक्काचा कायदा 1957 मध्ये झाला. चित्रपटलेखकांनी एकत्र येऊन काढलेली संघटना 1960 मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेली. परंतु लेखकाने एकदा सही करून सारे हक्क देऊन टाकले की त्याच्या हाती काही उरत नसे. 2012 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपट थिएटरात दाखवण्याखेरीज त्यातल्या साहित्याचा जो अन्य उपयोग होईल, त्याबद्दलच्या मानधनातला लेखकाचा वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही, असे आता कायदा सांगतो. अडलेल्या माणसाकडून सही घेणे फार सोपे असते, हे ओळखूनच ही तरतूद झाली. ती येण्यास अण्णाभाऊंच्या मृत्यूनंतर त्रेचाळीस वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, मग या वाटेला जाऊच नये की काय? तसे मुळीच नाही. अण्णाभाऊंच्या आयुष्यातून जे निघते ते याहून पुष्कळ भरीव आहे. पहिली गोष्ट म्हणजे शिक्षण. ज्याला काही सांगावयाचे आहे त्याला भिंतीवरचा कागदही गुरू होतो. आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे रोज उभे राहिल्यावाचून कथेची पकड येत नाही. आज एकांकिका स्पर्धांतून, कामगार रंगभूमीवरून, गणेशोत्सवाच्या मंडपातून पुढे आलेले लेखक-नट पडद्यावर टिकतात, त्याचे कारण हेच. दुसरी गोष्ट सोबत्यांची. लाल बावटा पथकात तिघे होते, म्हणून बंदीच्या काळातही एकमेकांना धीर राहिला. एकट्याने मुंबई जिंकावयास निघालेला कलावंत बहुधा एकटाच हरतो. तिसरी गोष्ट सामग्रीची. स्टुडिओच्या दारात उभे राहून कथा मिळत नाहीत. त्या वाटेगावात असतात, चाळीत असतात, चिरागनगरात असतात. निर्मात्यांना तमाशाची कथा हवी झाली तेव्हा ती लिहून ठेवलेला माणूस तयार होता. लाट पाहून तो लिहावयास बसला नव्हता. आणि चौथी गोष्ट हिशेबाची. ती त्यांना साधली नाही, किंवा त्या काळाने साधू दिली नाही. म्हणून तीच आपण आपल्या मुलांना आधी शिकवावी. सही करण्यापूर्वी वाचावे, वाचून समजले नाही तर विचारावे, आणि लेखकांच्या संघटनेत नाव नोंदवावे. सरस्वतीच्या पूजेला लक्ष्मीपूजनाची वही लागते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही; कलावंताच्या घराला सांगावे लागते.

मान पुढे मिळाला. 2002 मध्ये टपाल खात्याने अण्णाभाऊंच्या नावाचे तिकीट काढले. 2022 मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. 8 जून 2014 पासून घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो धावू लागली, आणि दादरचा वळसा न घेता चित्रपटवाल्यांच्या अंधेरीस जाण्याची सोय झाली. सकाळच्या गाडीत खांद्याला पिशवी लावून, वहीत किंवा मोबाइलवर काही खरडत जाणारी मुलेमुली त्या वाटेवर भेटतात. त्यांतली कितीजण नाव काढतील हे सांगणे कोणाच्याच हाती नाही. पण त्यांच्यापैकी एखादीला चिरागनगर ठाऊक असेल, तिने 'फकिरा' वाचली असेल आणि करारपत्राची चार पानेही वाचली असतील, तर अण्णाभाऊंनी झोपडीत जाळलेल्या तेलाचे काही तरी चीज झाले, असे समजावयास हरकत नाही. यंदाच्या सुट्टीत आपल्या घरात 'फकिरा'चे एखादे प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे. लहानांना ते ऐकावयास आवडते, आणि मोठ्यांनाही पुष्कळ आठवू लागते.